कड्याकडे वळलेले अँटेना

कोंडशेतात बाहेरचा माणूस आला की आधी छपरांकडे बघतो आणि हसतो. टीव्हीचा मनोरा पूर्वेला, खिंडीच्या पलीकडे. आणि गावातल्या झाडून सगळ्या अँटेनांची तोंडं पश्चिमेला, गायकड्याकडे. दगडाकडे टक लावून बसलेलं गाव. एकदा एक विमावाला आला, तो म्हणाला, "तुमच्याकडे चॅनल डोंगरातून येतात वाटतं?"

सुवर्णा झोरे तेव्हा छपरावरच होती. ती वरूनच म्हणाली, "व्हय. तुमच्याकडं सगळं सरळ येत आसंल. आमच्याकडं काहीच सरळ येत न्हाई, त्याला काय करायचं?"

ही गोष्ट अजून घडायची आहे, पण फार लांबची नाही. आज अंगणवाडीत खिचडी खाणारी पोरं तेव्हा संसाराला लागलेली असतील. शहरात तोवर अँटेना हा शब्दच मेलेला असेल. कोंडशेतात तो जिवंत होता, कारण चाळीस उंबऱ्यांसाठी डोंगरात इंटरनेट ओढण्यात कुठल्याच कंपनीला रस नव्हता आणि मनोरा हवेतून जे फेकत होता तेवढंच हाताशी होतं. गरिबाला फुकटाची हौस असते म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा तिथं काढून दाखवावा.

सुवर्णाचा बाप रेडिओ दुरुस्त करायचा, त्याच्याकडून ती हे शिकून आलेली. पडद्याच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या नळ्या, एक लाकडी पट्टी, चार स्क्रू, केबलचा तुकडा. मुख्य नळी एक वीत दोन बोटं, कारण त्या मनोऱ्याची लाट तिच्या दुप्पट लांब होती आणि निम्म्या लांबीच्या नळीत लाट चांगली बसते. मागे एक जरा लांब नळी, ती आरशासारखी. पुढे दोन-तीन आखूड, लाट आत ओढणाऱ्या. झाला अँटेना.

पण कोंडशेताची खुबी अँटेनात नव्हती, तो बसवण्यात होती. मनोऱ्याची लाट खिंडीवरून गावाच्या डोक्यावरून निघून जाते, समोरच्या गायकड्यावर आपटते आणि मग गावात उतरते. कडा म्हणजे काही सपाट आरसा नव्हे. त्याचा पाया काळा, आत दबलेला. वर मोठा भाग पुढे आलेला, त्याला गाव पोट म्हणतं. पायावरून एक लाट येते, पोटावरून दुसरी. झोक्यावरच्या पोरीला दोघीजणी ढकलत असतील आणि दोघींचा जोर एकाच वेळी लागला, तर झोका आभाळाला जातो. एकीनं ढकलताना दुसरीनं ओढलं, की जागीच मरतो. लाटांचं तेच. छपरावर एका जागी दोघी एकमेकींना जोर देतात, हातभर पलीकडे एकमेकींना मारतात. म्हणून कोंडशेतात अँटेना उभ्या काठीला कुणी बांधत नाही. छपरावर लोखंडी आडवी दांडी, दांडीवर पट्टीनं आवळलेला अँटेना. चित्र फुटलं की वर चढायचं, पट्टी ढिली करायची आणि सरकवत राहायचं.

"आलं का?"

"गेलं!"

"आता?"

"आलं, आलं! हात काढ!"

"काढला."

"परत गेलं की, मुडद्या!"

गावात रोज कुठल्या ना कुठल्या छपरावर हे चालायचंच.

डोंगर कोसळून माणसं गाडली गेली की समित्या येतात, फोटो काढतात, जेवून जातात. नजमा मुल्ला आल्या तेव्हा काहीच कोसळलेलं नव्हतं, म्हणून गावाला संशय आला. कोल्हापूरकडच्या कुठल्याशा संस्थेत त्या डोंगरांच्या हालचालींचा अभ्यास करत. वर्गात शिकवल्यासारखं बोलायच्या नाहीत. सुवर्णाच्या अंगणात चहा पीत त्यांनी विचारलं, "ताई, तुमचं चित्र फुटतं ते कशामुळं?"

"दांडी आणि कडा, ह्यांच्यातलं अंतर हाललं की फुटतंय."

"बरोबर. मग दांडी हलली की कडा, एवढंच ओळखायचं यंत्र मी केलंय."

यंत्र म्हणजे काय, तर पेटीत एक जुना मोबाइल आणि एक रिसीव्हर. अँटेनाची तार टीव्हीकडे जाताना ह्या पेटीतून जायची. पायावरची लाट आणि पोटावरची लाट एकमेकींच्या किती पुढेमागे आहेत ते पेटी सतत मोजायची. हातभर लांबीची लाट हीच पट्टी, आणि त्या पट्टीवर नखाएवढा फरकही वाचता येतो. एका घरावर विश्वास नाही, कारण अँटेनावर कावळा बसला तरी आकडा हलतो. पण चाळीस घरं मिळून एकच गोष्ट सांगायला लागली, तर ती कड्याची. डोंगरावर नजर ठेवणारं परदेशी रडार एका गावापुरतं घ्यायचं तर तालुक्याचा दवाखाना विकावा लागला असता. हे नळ्यांवर भागलं. गावानं त्याला नाव दिलं, कान.

कान चालला. इतका चालला की जिल्ह्याच्या आपत्ती कचेरीनं तो उचलून धरला आणि ग्रामपंचायतीवर तीन रंगांचा दिवा बसवला. इथून पुढचं दुखणं सुरू झालं. आधी कुणी म्हातारा म्हणायचा, वर दगड वाजतोय, तर चार माणसं जाऊन बघून यायची. आता साहेब फोनवर विचारायचे, "दिवा कुठला?" हिरवा म्हटलं की फोन ठेवायचे. दिवा हिरवा असेपर्यंत गावाला घाबरायचीसुद्धा परवानगी नव्हती.

पहिल्याच वर्षी कबड्डीच्या अंतिम सामन्यात वारा सुटला, चित्रं फुटली आणि सगळं गाव एकदम छपरांवर. कानाला वाटलं, कडा नाचतोय. दिवा लाल. पोलिसांनी लोकांना ताटावरून उठवून शाळेत कोंडलं, आणि सामना कोण जिंकलं ते दुसऱ्या दिवशी दुधाच्या टेम्पोवाल्याकडून कळलं. तो टेम्पोवाला सुवर्णाचा नवरा, भरत. त्याला जिंकल्यासारखा मान मिळाला.

मुल्ला मॅडमनी हात जोडून सांगितलं, दांड्यांना हात लावू नका. कोण ऐकतंय? शेवटी सुवर्णाच म्हणाली, "मॅडम, माणसाचा हात लागला की आकडा टुणकन उडी मारतो. डोंगर काय उडी मारत न्हाई, तो रांगतो. तवा उडी आली की ती टाकून द्यायची आणि त्या घराचा हिशोब पुन्हा शून्यापासनं धरायचा."

मॅडमना पटलं. पटण्यासारखंच होतं. त्यांनी तसा नियम कानात घातला. मग दिवा उगाच कधी लाल झाला नाही. सगळे खूश.

वरची वाडी म्हणजे सात-आठ घरं, बरोबर पोटाखाली. तिथं सुवर्णाची धाकटी जाऊ अनिता राहायची, तिचा नवरा रणजित, आणि सासू बायडाबाई. दोघी जावा काही वर्षं बोलत नव्हत्या. सुवर्णाच्या भावाच्या लग्नात अनिताला मानाची म्हणून दिलेली साडी पहिल्या धुण्यात रंग सोडून बसली. अनितानं ती ओली साडी आणून सुवर्णाच्या कुंपणावर वाळत घातली आणि काही न बोलता निघून गेली. गाव दोन दिवस ती साडी बघायला येत होतं. त्यानंतर बोलायचं काय राहिलं?

त्या वर्षी पाऊस लांबला आणि नवरात्राच्या तोंडावर थांबला. पाऊस उघडला की सुवर्णा घरोघरी दांड्यांच्या पट्ट्या बदलायची. चार-पाच छपरं झाल्यावर तिला गंमत वाटली. दांड्या पावसानं गंजलेल्या, पण प्रत्येक दांडीवर एक जागा चकचकीत होती. तिथं मागच्या साली तिनंच पट्टी आवळली होती, म्हणून तिथं गंज पोचला नव्हता. आणि अँटेना त्या जागी नव्हता. कुठं वीतभर पुढं, कुठं दीड वीत.

तिनं मॅडमना फोन लावला, तो तक्रार म्हणून. "मॅडम, माझ्या गावाचं हात बघा म्हणावं तुमच्या कानाला! एकानं म्हणून जागेवर ठेवला न्हाई. सगळ्यांनी वड्याकडं ढकललंय."

"सगळ्यांनी ओढ्याकडं?"

"व्हय."

"दुसऱ्या अंगाला कुणीच नाही? एकानंही?"

"एकानंबी न्हाई," सुवर्णा म्हणाली. "ताई, फोन चालू ठेवा," मॅडम म्हणाल्या. " तो नियम काढून हिशोब परत लावते."

हसत-खेळत सरकवलेला अँटेना निम्मा इकडं जातो, निम्मा तिकडं. सगळं गाव एकाच अंगाला सरकलं, याचा अर्थ लाटांचा मेळच तिकडं सरकला होता आणि माणसं त्याच्या मागं मागं गेली होती. पोट पुढं येत होतं. ते जरा पुढं आलं की एखाद्या घराचं चित्र फुटायचं. त्या घरचा माणूस चढायचा, सरकवायचा, आकडा उडी मारायचा. कान म्हणायचा, हात लागला. टाकून द्या, शून्यापासून धरा. चार दिवसांनी दुसरं घर. प्रत्येकाची जागा वेगळी, म्हणून प्रत्येकाचं चित्र वेगळ्या दिवशी फुटायचं. कडा रांगत होता आणि गाव रोज आपल्या हातांनी त्याचं रांगणं पुसत होतं.

"तीन-चार बोटं," मॅडम म्हणाल्या. "एवढं पुढं आलंय. आणि शेवटच्या महिन्यात वेग वाढलाय."

"मग दिवा लाल करा."

"दिवा माझ्या हातात नाही ताई. नियम बदलायचा तर कचेरीची तपासणी लागते. मी आत्ता कळवते, भांडते. पण आज-उद्या होणार नाही."

"नियम माझा हुता मॅडम."

"लिहिला मी. ते नंतर बघू. वाडीत कोण आहे वर?"

भरतनं ऐकलं तेव्हा तो टेम्पो धूत होता. "अनिताकडं जायचंय? तुला?"

"मग काय तू जाशील? तू गेलास तर ती चहा देईल, हसंल आणि तिथंच बसंल."

अनिताच्या घरी घट बसले होते. पत्रावळीवर काळी माती, तिच्यात उगवलेलं धान, वर फुलांच्या माळा आणि बाजूला तेवणारा दिवा. घट नऊ दिवस हलत नाही. दिवा विझत नाही. आणि घराला कुलूप लागत नाही. बायडाबाई घटापाशी भिंतीला टेकून बसलेल्या. अनिता चुलीपाशी भगर निवडत होती. तिनं वर बघितलं आणि सासूला म्हणाली, "आत्या, बघा कोण आलंय. रंग सोडणाऱ्या."

सुवर्णानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. लाट, हात, नियम, तीन-चार बोटं. लपवलं काही नाही.

"आत्या, त्यांना म्हणावं दिवा हिरवा हाय."

"दिवा चुकलाय. माझ्या नियमानं चुकलाय."

"बघा! म्हंजे तवाबी ह्यांचंच खरं आणि आत्ताबी ह्यांचंच खरं."

"माझं खरं धरू नको अनिता. माझ्या तोंडाकडंबी बघू नको. वर चढ आणि तुझी दांडी बघ. कुणी सरकवली?"

"मीच सरकवली. हे कुठं चढत्यात?"

"किती बारी?"

भगरीचं ताट बाजूला ठेवून अनिता परसात गेली, पदर खोचला आणि शिडीनं छपरावर चढली. सुवर्णा अंगणात उभी राहिली. मग अनितानं शेजारच्या छपराकडं तोंड करून हाक मारली.

"हिराकाकू! ओ काकू! तुमचा अँटेना कुठल्या अंगाला सरकलाय?"

"आता गं काय झालं?"

"बघा की!"

काकू कुरकुरत चढल्या. "वड्याकडं! का गं?"

"कुणी सरकवला?"

"तुझा काका सरकवतोय. दुसरं काम काय त्याला?"

"आन् शंकरदाजींचा?"

"त्याचाबी वड्याकडंच दिसतोय. आगं पर काय झालं काय?"

अनिता दांडीजवळ उकिडवी बसली होती. चकचकीत जागेवर तिनं अंगठा ठेवला, करंगळी लांबवली आणि अँटेनापर्यंत वीत भरली. मग मान वर करून पोटाकडं बघितलं. इतकी वर्षं रोज दिसणारा दगड. माणूस रोज दिसणाऱ्या गोष्टीकडं बघत नाही.

ती उतरली. रांजणावर हातपाय धुतले आणि घटासमोर जाऊन उभी राहिली.

बायडाबाईंना कळलं. "हात लावू नको."

"आत्या, उठा."

"पाचवी माळ हाय आज. घट हलत न्हाई. माझ्या सासूनं हलवला न्हाई, तिच्या सासूनं न्हाई. देव हितला हाय."

"देव घरातला हाय आत्या. घर कुठं न्यायचं ते आपण ठरवू."

"घराचं वाटोळं करशील!"

अनितानं पाटीत राख पसरली, पत्रावळ मातीसकट उचलून तिच्यात ठेवली. मडक्यातलं पाणी हिंदकळलं, तेवढंच. दिवा राखेत रोवला आणि पाटी डोक्यावर घेतली. सुवर्णा पुढं झाली तेव्हा ती पहिल्यांदा सरळ तिला म्हणाली, "वाऱ्याच्या अंगानं चला. खुंटीवरची छत्री घ्या, दिव्याला आडवी धरा."

दोघी निघाल्या. मागून बायडाबाई शिव्या देत उठल्या. सुनांसाठी त्या उठल्या नाहीत. देव चालला होता, म्हणून उठल्या. आणि बायडाबाईंचा घट हलला म्हटल्यावर वाडीत कुणाचं काही चालेना. सात-आठ घरांतले घट सांजेपर्यंत शाळेच्या वर्गात फळ्याखाली ओळीनं बसले.

दुसऱ्या दिवशी तालुक्याची गाडी आली. साहेबांनी आधी दिव्याकडं बघितलं. हिरवा. मग शाळेकडं.

"कुणाच्या आदेशानं उतरलात?"

अनिता म्हणाली, "छपराच्या."

"हे बघा बाई, अफवा पसरवणं हा गुन्हा आहे. दिवा लाल नाही, पिवळासुद्धा नाही. सुट्टी संपली की शाळा मोकळी लागेल. कान कुणी बनवलाय माहीत आहे? शास्त्रज्ञांनी!"

"त्याच शास्त्रज्ञ बाई म्हणत्यात, उतरा," सुवर्णा म्हणाली. "फोन लावून देऊ?"

साहेबांना फोन नको होता. फोनवर मॅडम बोलल्या असत्या तर साहेबांना काहीतरी करावं लागलं असतं. काही न करण्यासाठी दिवा हिरवा असलेला बरा.

दसरा गेला. काही पडलं नाही. आभाळ निळं, ऊन कोवळं, पोट जसंच्या तसं. माणसं सकाळी वर जायची, म्हशींची धार काढून दुपारी परत यायची. शाळेत कुणाचं पोर तापलं, तर तो घट हलवल्याचा कोप. कुणाची म्हैस आटली, तोही कोप. रणजित बायकोला म्हणाला, "दोन जावांची गट्टी झाली आणि आम्ही फरशीवर आलो." लोकांनी ठरवलं, रविवारी परत जायचं.

सुवर्णानं मॅडमना विचारलं, "पडणार कवा?"

"माहीत नाही ताई. खोटं सांगणार नाही. आज पडेल, पुढच्या वर्षी पडेल. तपासणी अजून सुरू व्हायचीय. मला परस्पर लोकांशी बोललात म्हणून झापलंय."

"आणि न्हाईच पडला तर?"

"तर तुम्हाला आयुष्यभर ऐकावं लागेल. मलाही."

सुवर्णानं फोन ठेवला. आपण कडा पडायची वाट बघतोय, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःची किळस आली. वर जावेचं घर होतं. चूल, शिडी, आंब्याचं झाड.

शुक्रवारी दुपारी पडला. पाऊस नाही, वारा नाही. धार काढून माणसं नुकतीच उतरली होती. आधी बंदुकीसारखा एक आवाज, मग पोट जागच्या जागी बसल्यासारखं झालं आणि सावकाश, अगदी सावकाश पुढं झुकलं. नंतर धूळच धूळ. धूळ खाली बसली तेव्हा वरची वाडी नव्हती. दोन म्हशी गेल्या. माणूस एकही नाही.

गावात त्याच क्षणी घराघरांतली चित्रं गेली. सगळ्यांची लाट एकदम मेली, तेव्हा कानाची खात्री पटली. दगड खाली येऊन बसल्यावर ग्रामपंचायतीवरचा दिवा लाल झाला. थोड्या वेळानं कचेरीतून फोन आला की लाल दिव्याला अनुसरून वरची वाडी तातडीनं रिकामी करावी.

पुढं कुणी मोठं माणूस आलं नाही. कुणी मेलं असतं तर आलं असतं. हेलिकॉप्टर, कॅमेरे, मदतीचे चेक, सगळं मढ्यांच्या मागं येतं. जिवंत माणसांची बातमी होत नाही. मुल्ला मॅडम तेवढ्या आल्या, एसटीनं, आणि ढिगाऱ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. आता लाट परतवायला पोट नव्हतं. गायकड्याकडं बघत बसलेल्या अँटेनांना काही दिसत नव्हतं.

अनिताचा संसार सुवर्णाच्या पडवीत आला. बायडाबाई कोपऱ्यात बसून राहायच्या. गावातल्या बायका भेटायला यायच्या आणि बायडाबाई प्रत्येकीला सांगायच्या, "पाचव्या माळेला घट हलवला. देव उठला त्या घरातनं. तवाच मी म्हणलं हुतं, कडा राहायचा न्हाई. धाकटीनं गिळली सगळी वाडी."

बायका मान डोलवायच्या. वाडीतल्यासुद्धा. ज्यांचे घट अनिताच्या मागोमाग उतरले, ज्यांची पोरं शाळेच्या पटांगणात खेळत होती, त्यासुद्धा. हिराकाकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "देवाला हलवायचं न्हवतं, बाई."

सुवर्णा आत भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. पिठाच्या हातांनीच ती उठली. आता त्या काकूला छपरावर उभं करून विचारणारच होती, तुझा अँटेना कुठल्या अंगाला सरकला होता गं?

अनितानं तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

"अक्का, बसा."

"आगं पर काय बोलत्यात त्या! तुझ्यामुळं..."

"बोलू द्या," अनिता म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. "बोलायला शिल्लक हायेत न्हवं?"